धक्का लहान, हक्क मोठा

मे महिना आला की मुंबई, ठाणे, पनवेलकडच्या गाड्या कोकणाच्या वाटेला लागतात. मुलांना सुट्टी असते, गावात निकाह असतो, वलीम्याची दावत असते. गाडीत माणसे दाटीवाटीने बसलेली, मांडीवर मिठाईचे खोके. समजा, चिपळूणच्या बाजारपेठेत पुढची गाडी अचानक थांबली आणि आपली गाडी तिला मागून लागली. बंपर चेपला, पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याची काच फुटली. अल्लाहच्या कृपेने कोणाला खरचटलेही नाही. नुकसान म्हटले तर चार-पाच हजारांचे. पण पुढच्या दहा मिनिटांत आपण कसे वागतो, त्यावर हे प्रकरण चार-पाच हजारांत मिटेल की पोलीस ठाणे, कोर्ट आणि वैरापर्यंत जाईल, हे ठरते.

मोठ्या अपघातांविषयी वर्तमानपत्रे रोज लिहितात. लहान अपघाताविषयी कोणी काही सांगत नाही. लायसन्स काढताना आपण गाडी वळवून दाखवतो, रस्त्यावरच्या खुणा ओळखून दाखवतो; पण गाडी लागल्यावर प्रत्यक्षात कसे वागायचे, हे फारसे कोणी मनावर घेत नाही. मग ज्याला जे सुचेल ते तो करतो. कोणी पळून जातो, कोणी ओरडतो, कोणी गल्लीतल्या मुलांना फोन लावतो. या लेखात आम्ही कायदा काय सांगतो, विमा काय सांगतो आणि दीन काय शिकवतो, हे एकत्र मांडत आहोत. या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या किती जवळ आहेत, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

सर्वांत आधी थांबा

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १३२ आणि १३४ प्रत्येक चालकाने माहीत करून घ्यावे. अपघातात कोणी जखमी झाले किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर चालकाला निघून जाता येत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याने आपले नाव-पत्ता देऊन मागणी केली, तर चालकाने स्वतःचे आणि गाडीच्या मालकाचे नाव-पत्ता द्यायचा असतो. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, घटना कळवायची असते. विमा कंपनीलाही लेखी कळवायचे असते. हे न करणाऱ्याला कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

म्हणजे धक्का लागला हा गुन्हा असेलच असे नाही. पण धक्का देऊन निघून जाणे हा मात्र नक्की गुन्हा आहे. आपल्या दीनमध्येही हीच गोष्ट आहे. नकळत हातून काही तुटले तर माणूस त्या क्षणी गुन्हेगार ठरत नाही, पण भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येतेच. हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, केवळ तौबा केल्याने फिटत नाहीत. ज्याचा हक्क आहे त्याला तो द्यावा लागतो किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागतो. गाडी न थांबवता निघून गेलेल्या माणसाला पुढे तो हक्कदार शोधायचा कुठे?

थांबल्यावर इंजिन बंद करा. चारही दिवे लुकलुकणारे बटण दाबा. महामार्गावर असाल तर गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण चाळीस-पन्नास पावले मागे ठेवा. लहान मुलांना आणि वयस्कर मंडळींना रस्त्याच्या मधोमध उभे राहू देऊ नका. त्यांना कडेला, शक्य तर कठड्यापलीकडे उभे करा. पहिल्या धक्क्यात वाचलेली माणसे मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीखाली सापडतात, ती याच वेळी.

कोणी जखमी आहे का?

काचेकडे, बंपरकडे पाहण्याआधी माणसांकडे पाहा. आपल्या गाडीतल्यांना विचारा, मग समोरच्या गाडीतल्यांना विचारा. धक्का दुचाकीला लागला असेल तर चालक "काही नाही, काही नाही" म्हणत उठून उभा राहिला तरी त्याला दोन मिनिटे बसवा. डोक्याला मार लागला असेल तर उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, वाढत जाणारी डोकेदुखी ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. अशा माणसाला "घरी जाऊन झोप" असे सांगू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये आणि मानेला मार बसल्याची शंका असेल तर त्याला ओढून उचलू नये.

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवण्यासाठी शक्य ते सर्व करणे ही कलम १३४ प्रमाणे चालकाचीच जबाबदारी आहे, मग चूक कोणाचीही असो. २०२५ पासून केंद्र सरकारची रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोखविरहित उपचार योजना लागू आहे. तिच्यात नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. "पैसे कोण भरणार" या काळजीने कोणाला रुग्णालयात न्यायला उशीर करू नये.

आणि आपण नुसते बघे असलो तर? पुष्कळ लोक पोलिसांच्या फेऱ्यांच्या भीतीने पुढे होत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४-अ आले आहे. सद्हेतूने मदत करणाऱ्याला त्याच्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाईला सामोरे जावे लागणार नाही, आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, ही सूरह माइदाची शिकवण आपण जलशांत नेहमी ऐकतो. तिची परीक्षा रस्त्यावर होते.

गर्दी जमते तेव्हा

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आपल्याकडे दोन गाड्या घासल्या की पाच मिनिटांत वीस माणसे जमतात. त्यातल्या कोणीही अपघात पाहिलेला नसतो, पण निकाल प्रत्येकाकडे तयार असतो. त्यात एकाचे नाव एका समाजाचे आणि दुसऱ्याचे दुसऱ्या समाजाचे निघाले, की बंपरचा विषय बाजूला पडतो. हे घडते, आणि प्रत्येक मोहल्ल्यातल्या जाणत्यांना ते ठाऊक आहे. म्हणून इथे आम्ही स्पष्ट लिहीत आहोत.

अशा वेळी आपल्या मुलांच्या हातून होणारी पहिली गोष्ट म्हणजे फोन. "भाई, जरा या, इथे झोल झालाय." दहा मिनिटांत चार मोटरसायकली येतात. त्यांना पाहून समोरचाही चार मोटरसायकली बोलावतो. सकाळी ज्याची किंमत एका दिव्याची काच होती, त्याची किंमत संध्याकाळी दोन मोहल्ले मोजतात. अपघाताच्या जागी दोनच फोन करायचे: गरज असेल तर ११२ किंवा १०८ ला, आणि घरातल्या एका समजूतदार मोठ्या माणसाला. त्याने एकट्याने यावे. मोबाइलवर व्हिडिओ काढून गटागटांत पाठवणेही त्याच आगीत तेल ओतणे आहे. फोटो पुरावा म्हणून काढायचे असतात, तमाशा म्हणून नव्हे.

खरा पहिलवान तो नव्हे जो दुसऱ्याला चीत करतो, तर तो जो रागाच्या क्षणी स्वतःला आवरतो, अशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. गाडीतून उतरताना सलाम किंवा नमस्कार करून "तुम्हाला लागले तर नाही ना?" हे पहिले वाक्य बोला. समोरचा शिव्या देत उतरलेला असला तरी या प्रश्नाला शिवीने उत्तर देणे त्याला जड जाते.

पण समोर खरोखरच मारहाणीवर उतरलेला जमाव असेल तर? कायदा करणाऱ्यांनाही ही भीती ठाऊक होती. जमावाचा क्षोभ असेल तर जखमीजवळ थांबून मदत करण्याच्या जबाबदारीतून सूट असल्याचे कलम १३४ मध्येच लिहिलेले आहे. जिवाला धोका दिसला तर काचा वर करून, दारे बंद करून ११२ ला फोन करा आणि गाडी थेट जवळच्या पोलीस ठाण्यात न्या. तिथे पोहोचताच अपघात कळवा आणि जखमी असल्यास त्यासाठी रुग्णवाहिका मागवा. जिवासाठी जागा सोडणे वेगळे आणि जबाबदारी सोडणे वेगळे. आता आपल्या घरांतल्या मुली, सुना स्वतः गाडी चालवतात. त्यांना ही गोष्ट विशेष सांगून ठेवावी. एकटी असताना खाली उतरलेच पाहिजे असे नाही. काच दोन बोटे खाली करून बोलता येते आणि पोलीस येईपर्यंत आत बसता येते.

फोटो, नाव, नंबर

वातावरण शांत असेल तर गाड्या बाजूला घेण्याआधी चार-पाच फोटो काढा: दोन्ही गाड्यांच्या नंबरप्लेट, जिथे लागले ती जागा, रस्त्याच्या पार्श्वभूमीसह दोन्ही गाड्यांची स्थिती आणि रस्त्यावरच्या चाकांच्या खुणा. मग गाड्या कडेला घ्या आणि रस्ता मोकळा करा. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे, असे आपण मुलांना शिकवतो. आपली वाकडी उभी गाडी आणि फुटलेल्या काचाही त्यातच आल्या.

समोरच्याचे नाव, मोबाइल क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि विमा कंपनीचे नाव लिहून घ्या, आपलेही द्या. पाहणारा एखादा दुकानदार असेल तर त्याचा क्रमांक घ्या. त्याच्या दुकानावर कॅमेरा असेल तर तेही टिपून ठेवा. मूळ लायसन्स किंवा गाडीची किल्ली समोरच्या माणसाच्या हाती देऊ नका, आणि त्याचीही हिसकावून घेऊ नका. तो अधिकार कोणालाही नाही. पोलिसांना कागद दाखवायचे तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले लायसन्स, आरसी, विमा चालतात. २०१८ पासून नियमांत तशी तरतूद आहे. पोलीस ठाण्यात जी तक्रार लिहिली जाईल ती पूर्ण वाचा, मगच सही करा आणि प्रत मागून घ्या. मराठीत वाचता-लिहिता येणे हे अशा वेळी किती कामाचे असते, हे आम्ही शिक्षक म्हणून मुद्दाम सांगतो.

परस्पर मिटवायचे की विम्यातून?

प्रेषित (सल्ल.) यांच्या घरातला एक प्रसंग बुखारीत आला आहे. त्यांच्या एका पत्नीकडून जेवणाचे भांडे आले. ते ज्यांच्या घरी आले, त्यांनी आणणाऱ्याच्या हातावर फटका मारला आणि भांडे पडून फुटले. प्रेषितांनी (सल्ल.) स्वतः तुकडे गोळा केले, सांडलेले जेवण गोळा केले, कोणाला रागावले नाहीत. मग ज्यांच्या हातून भांडे फुटले त्यांच्या घरचे चांगले भांडे मागवले, ते परत पाठवले आणि फुटके त्याच घरी ठेवले. गाडीच्या धक्क्यालाही हीच रीत लावता येते. आवाज चढवायचा नाही, आणि तुटले ते भरून दिल्याशिवाय राहायचे नाही.

भरून देण्याचे दोन मार्ग आहेत, आणि इथे हिशेब समजून घेतला पाहिजे. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. तो आपल्या गाडीचा बंपर दुरुस्त करत नाही. तो आपल्यामुळे दुसऱ्याचे जे नुकसान होते त्यासाठी असतो. त्याचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. एका दिव्याच्या काचेसाठी तिथे कोणी जात नाही. म्हणून अशी लहान नुकसाने बहुधा परस्पर मिटतात किंवा प्रत्येकजण आपापल्या विम्यातून दुरुस्ती करून घेतो.

स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती करण्याआधी थोडे गणित करा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला दर दाव्यात १,००० रुपये मालकाला सोसावे लागतात. बंपर ५,००० रुपयांचा असेल तर मजुरी सोडून हाती येतात साधारण १,५००. दावा न केल्याबद्दल मिळणारी नो क्लेम बोनसची सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. एक दावा केला की ती पुन्हा शून्यावर येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ८,००० असेल आणि ५० टक्के सूट मिळत असेल, तर पुढच्या एका वर्षातच ४,००० रुपये गेले. म्हणजे दीड हजारासाठी चार हजार. घसारा न कापणारी पॉलिसी असेल किंवा नुकसान मोठे असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा दावा जरूर करावा.

परस्पर मिटवताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. गाडीच्या पॉलिसीत अशी अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने दोष कबूल करू नये किंवा भरपाईचे वचन देऊ नये. ज्या नुकसानीसाठी विम्याचा आधार घ्यायचा आहे, तिथे परस्पर रक्कम ठरवू नका. खिशातून द्यायचे ठरवले तर त्याचा दावा नंतर कंपनीकडे करू नका. काय घडले ते खरे सांगणे वेगळे आणि "सगळे मी भरतो" असे लिहून देणे वेगळे. कोणी विचारले तर आपण "ब्रेक लावला, तरी गाडी लागली" एवढे खरेखुरे सांगावे. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत साक्ष स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या विरोधात जात असली तरी न्यायावर ठाम राहण्याचा आदेश आहे. गोष्ट फिरवण्याची परवानगी विमा कंपनीही देत नाही आणि दीनही देत नाही.

परस्पर मिटले तर दोन ओळी कागदावर लिहा, दोघांनी सही करा आणि कागदाचा फोटो दोघांकडे असू द्या. मजकूर असा असावा: "आज दिनांक अमुक, वेळ अमुक, ठिकाण अमुक येथे या क्रमांकाच्या गाडीचा त्या क्रमांकाच्या गाडीला धक्का लागला. कोणीही जखमी झालेले नाही. गाडीच्या नुकसानीपोटी अमुक रुपये दिले आणि ते मिळाले. या नुकसानीबाबत आमची एकमेकांविरुद्ध तक्रार नाही." रक्कम मोबाइलवरून दिली तर तिचीही नोंद राहते. मिटवले तरी पोलीस ठाण्यात कळवून नोंद करून घेणे चांगले. आणि कोणी जखमी असेल तर असल्या कागदावर विषय संपला असे मुळीच मानू नका. तिथे पोलिसांत नोंद झालीच पाहिजे. जखमीला नुकसानभरपाईचा दावा करायचा असेल तर न्यायाधिकरणात जाण्याची मुदत आता सहा महिन्यांची आहे, हेही त्याच्या घरच्यांना सांगावे.

"गाडी मी चालवत होतो"

विम्याच्या कागदावर एक खोटे फार सहज लिहिले जाते. गाडी चालवत असतो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आणि बाप म्हणतो, "मी चालवत होतो." मुलाला वाचवले, असे त्याला वाटते. खरे तर मुलाच्या डोळ्यांदेखत बापाने खोटी साक्ष दिली, आणि खोटी साक्ष हदीसमध्ये सर्वांत मोठ्या गुनाहांत गणलेली आहे. कायद्याने हा फसवणुकीचा गुन्हा आहे आणि दावाही फेटाळला जातो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. इलाज एकच: किल्ली त्याच्या हाती देऊ नये. ईदच्या दिवशीही नाही.

जुना ओरखडा नव्या दाव्यात घुसवणे, गॅरेजवाल्याकडून फुगवलेले बिल घेणे, हेही याच जातीचे. "कंपनीचे पैसे आहेत" म्हणून ते हलाल होत नाहीत. विम्याविषयी काहींच्या मनात व्याजामुळे शंका असते. त्यांनी आपल्या विश्वासातल्या मुफ्तींना जरूर विचारावे. पण थर्ड पार्टी विमा देशाच्या कायद्याने सक्तीचा आहे, आणि त्याअभावी ज्याचे नुकसान होते तो तिसराच माणूस असतो, हे विचारताना सांगावे.

मालक समोर नसेल तेव्हा

जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. आपली गाडी काढताना शेजारच्या रिकाम्या गाडीला ओरखडा पडला. कोणी पाहिले नाही. इथे पोलीस नाही, गर्दी नाही, कॅमेराही नसेल. थोडा वेळ थांबा, आत विचारा, मुअज्जिन साहेबांना सांगा. मालक नाहीच सापडला तर नाव आणि मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी काच पुसण्याच्या दांडीखाली अडकवा आणि गाडीचा फोटो घेऊन ठेवा. नुकतीच नमाज पढून बाहेर आलेल्या माणसाला "अल्लाह पाहत आहे" हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नसावी.

घरी आजच करून ठेवा

लेख वाचून झाल्यावर गाडीचा कप्पा उघडा. विम्याची मुदत कधी संपते ते पाहा. पीयूसी पाहा. एक वही, एक पेन, पट्टी-कापूस-जंतुनाशकाची छोटी पेटी, लाल त्रिकोण आणि एक टॉर्च ठेवा. विमा कंपनीचा दाव्यासाठीचा क्रमांक मोबाइलमध्ये साठवा; घरातल्या दुसऱ्या चालकालाही द्या. रात्री जेवताना मुलांना विचारा: गाडी लागली तर पहिले काय कराल? त्यांनी "अब्बांना फोन" म्हटले तर त्यांना सांगा, त्याच्या आधी एक काम आहे. उतरून समोरच्याला विचारायचे, तुम्हाला लागले तर नाही ना.